मधल्या नऊ ओळी

पेन्सिलकाका सभेत बोलले, तिथेच सगळं बिघडलं.

एरवी ते सभेत बोलत नसत. इमारतीतल्या बारा बिऱ्हाडांची सभा तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत भरायची आणि काका जिन्याच्या पायरीवर बसायचे, म्हणजे प्रसंग आलाच तर मागच्या मागे वर सटकता यावं. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढता काढता स्वतः वाक्य बोलायची त्यांना धास्तीच बसली होती. फळ्यावर लागलेल्या सूचना ते खिशातल्या पेन्सिलीने गुपचूप दुरुस्त करत. म्हणून पोरांनी त्यांना पेन्सिलकाका म्हणायला सुरुवात केली आणि पुढे मोठ्यांनीही तेच उचललं.

त्या दिवशी प्रश्न होता पंपाच्या खोलीचा. पाण्याचा नवा पंप अंगणात बसवला होता आणि जिन्यालगतची जुनी खोली रिकामी झाली होती. खोली म्हणजे काय, तर तेलाचे डाग पडलेली फरशी, एक दिवा आणि इतक्या खाली असलेली खिडकी की तिच्यातून जगाचे फक्त पाय दिसत. पण ती बाराही बिऱ्हाडांना हवी होती. दातांच्या डॉक्टरांना दवाखान्यातली जुनी खुर्ची ठेवायची होती. सेक्रेटरींना तिथे इमारतीचं कार्यालय काढायचं होतं, आणि त्या कार्यालयात घरातला जुना सोफा ठेवायचा होता. निवृत्त ऑडिटरसाहेबांनी तर कारण सांगायलाच नकार दिला. "कारण द्यावं असं ठरावात कुठे म्हटलंय?" असं त्यांनी विचारलं, आणि खरंच कुठे म्हटलेलं नव्हतं.

पेन्सिलकाकांना खोली पुस्तकांसाठी हवी होती. त्यांची पुस्तकं कपाटातून टेबलावर, टेबलावरून पलंगाखाली आणि तिथून बायकोच्या शिलाई मशीनवर आली होती. मशीनवर एकदा विश्वकोशाचे खंड येऊन बसले तेव्हापासून तिचं शिवण बंदच पडलं. तिने कधी तक्रार केली नाही. फक्त धूळ झटकताना एखादा खंड जरा जोरात ठेवायची, आणि तो आवाज काकांना बरोबर कळायचा.

"चिठ्ठ्या टाका," कोणीतरी म्हणालं, आणि सभा पेटली. गच्चीची चावी कोणाकडे राहावी यासाठी मागे चिठ्ठ्या टाकल्या होत्या, तेव्हा एक चिठ्ठी भांड्याच्या तळाला चिकटलेली सापडली होती. ती दातांच्या डॉक्टरांची होती. ती हकिकत ते अजून प्रत्येक पेशंटला सांगत, तीसुद्धा पेशंटचं तोंड उघडं असताना, म्हणजे त्याला काही बोलता येत नसे. ते म्हणाले, "चिठ्ठ्यांवर माझा विश्वास नाही." मग कोणाचाच नव्हता असं निघालं.

सगळे एका क्षणी गप्प झाले, आणि नेमक्या त्याच क्षणी पेन्सिलकाका स्वतःशी पुटपुटल्यासारखे म्हणाले, "कॉम्प्युटर काढू शकेल नंबर."

बारा बिऱ्हाडांच्या माना जिन्याकडे वळल्या.

आता हा कॉम्प्युटर म्हणजे त्या काळी घराघरांत जो पहिला पहिला येत होता तो. काकांच्या परदेशी राहणाऱ्या मेहुण्याने, आपल्या मुलांना मोठा घेतल्यावर, हा धाकटा बहिणीकडे आणून टाकला होता. नुसता कीबोर्ड, जाडजूड. वायर टीव्हीच्या पाठीमागे खोचायची. चालू केला की पडद्यावर 'रेडी' असं यायचं आणि खाली एक चौकोन लुकलुकत बसायचा. त्याच्या पोटात कारखान्यातूनच एक भाषा घालून दिलेली होती. तिचं नाव बेसिक. नवशिक्यांसाठी म्हणून केलेली, शंभरएक शब्दांची. आपल्याला या वयात एखादी भाषा पूर्ण येऊ शकेल, या कल्पनेनेच काका हरखून गेले होते.

मात्र त्या यंत्राची एक खोड त्यांना पटत नव्हती. चुकलं की ते 'सिंटॅक्स एरर' एवढंच म्हणे आणि गप्प बसे. काय चुकलं, कुठे चुकलं, काही नाही. 'चूक आहे' एवढंच समासात लिहून मुद्रितं परत पाठवली असती, तर छापखान्याच्या मालकाने आपल्याला दुपारच्या चहाआधीच घरी पाठवलं असतं, असं काकांना वाटे. पण सोबतच्या पुस्तिकेतलं एक वाक्य त्यांना फार आवडलं होतं. या भाषेत प्रत्येक ओळीला आकडा द्यावा लागतो आणि यंत्र त्या क्रमाने ओळी पाळतं. पुस्तिका म्हणत होती: ओळींना दहा, वीस, तीस असे आकडे द्या, कारण सगळं काही आधी सुचत नाही. मागाहून आठवलेली ओळ पंधरा म्हणून लिहा. यंत्र ती आपोआप जागेवर नेऊन बसवेल.

सगळं काही आधी सुचत नाही. काकांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. दुसऱ्याच्या पुस्तकात चूक नसताना त्यांनी रेघ मारल्याचा हा एकच दाखला.

तर सभेने ठराव केला: नंबर कॉम्प्युटर काढील. सेक्रेटरी म्हणाले, "पण तो प्रोग्रॅम की काय, तो लेखी द्या. तीन प्रतींत. फळ्यावर लावू. हरकती मागवू."

"फक्त चार ओळी आहेत हो."

"चार असोत नाहीतर चारशे. पद्धत ती पद्धत."

काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. ओळ दहा: पडदा पुसून टाक. ओळ वीस: एक ते बारापैकी मनाला येईल तो आकडा काढ. ओळ तीस: तो दाखव. ओळ चाळीस: थांब. शेजारी यंत्राच्या भाषेत, आणि खाली सही.

हरकती आल्या. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, शून्य आलं तर खोली कोणाची? बारा नंबरवाल्यांचं म्हणणं, आम्ही शेवटी आहोत, तिथपर्यंत पोचेपर्यंत यंत्र दमणार नाही ना? डॉक्टर जिन्यात गाठून म्हणाले, "काका, एक सल्ला देऊ? टीव्हीला आधी कापड बांधा. उगाच डोळ्यांना त्रास." हा सल्ला कशासाठी होता ते काकांना कधीच समजलं नाही, पण ते "बरं" म्हणाले. सल्ला नाकारायला जे धैर्य लागतं ते त्यांच्यात नव्हतं.

ऑडिटरसाहेबांची हरकत लाल शाईत होती. 'ओळ क्र. १० ते २० यांमधील नऊ ओळी सादर केलेल्या नाहीत. तसेच २० ते ३० व ३० ते ४०. एकूण सत्तावीस ओळी गहाळ. खुलासा व्हावा.'

खुलाशासाठी कमिटीची बैठक बसली. काका खुर्चीच्या काठावर टेकले होते.

"त्या ओळी नाहीतच," ते म्हणाले.

"नाहीत, मग आकडे का गाळलेत?" ऑडिटरसाहेबांनी चष्मा पुसत विचारलं. "पावतीपुस्तकात दहानंतर एकदम वीस नंबरची पावती आली तर आम्ही काय समजायचं?"

"ती जागा मागाहून काही सुचलं तर असावी म्हणून."

"म्हणजे मागाहून घुसवायची सोय."

"घुसवायची असं नाही... घालायची."

"सोय आहे की नाही?"

"आहे."

"सेक्रेटरी, 'आहे' म्हणून लिहून घ्या."

सेक्रेटरींनी लिहून घेतलं. वाचून दाखवलं तेव्हा ते वाक्य एखाद्या कबुलीजबाबासारखं वाटलं. शब्द तेच होते, एकही चूक नव्हती. काकांना दुरुस्त करायला काही सापडेना, आणि मान वर करून बघवेनाही. ज्या माणसाकडे दाखवायला दुसरं काही नसतं, त्याला आपली सचोटी अशी पावतीपुस्तकासारखी उलटून पाहिली गेलेली फार लागते.

शेवटी ऑडिटरसाहेबांनीच अट घातली. यंत्र सर्वांसमोर नव्याने चालू करायचं. चारच ओळी टाकायच्या. एकदाच चालवायचं. पहिला आकडा येईल तो अंतिम. काकांनी मान्य केलं. त्यात मान्य न करण्यासारखं काय होतं?

ते कळलं आदल्या दुपारी. काका घरी रंगीत तालीम करत होते. यंत्र चालू केलं, चार ओळी टाकल्या, 'रन' म्हटलं. अकरा आले. अकरा म्हणजे त्यांचंच बिऱ्हाड. मन सुखावलं आणि लगेच त्याची लाज वाटली. तेवढ्यात बायकोला टीव्ही हवा होता, म्हणून यंत्र बंद केलं. तिचा कार्यक्रम झाल्यावर पुन्हा चालू केलं, पुन्हा चार ओळी टाकल्या. अकरा. काका यंत्राकडे बघत राहिले. बंद केलं, चालू केलं. अकरा.

बंद न करता पुढे चालवून पाहिलं तर अकराच्या मागोमाग चार, मग आठ, मग दोन. बंद करून पुन्हा पाहिलं: अकरा, चार, आठ, दोन. यंत्राला मन नव्हतंच. 'मनाला येईल तो आकडा' म्हटलं की एक ठरलेली यादी ते पाठ म्हणत होतं, आणि दरवेळी झोपेतून उठल्यावर पहिल्यापासून.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"आपला नंबर आला."

"मग तोंड असं का?"

"दरवेळी येतोय. उद्याही येणार."

तिला समजावून सांगायला फार वेळ लागला नाही. ती म्हणाली, "सगळ्यांसमोर चालू करायचं आणि एकदाच चालवायचं, ही अट कोणाची?"

"ऑडिटरसाहेबांची."

"म्हणजे त्यांच्याच अटीने खोली आपल्याला."

"हो."

ती उठली. शिलाई मशीनवरचे खंड एकेक करून तिने खाली ठेवले, या वेळी अगदी हळू. मशीनचं चाक फडक्याने पुसलं आणि एकदा फिरवून पाहिलं. ते थोडं कुरकुरलं, पण फिरलं.

"मला विचाराल तर घ्या खोली," ती म्हणाली. "कोणाचं चोरून आणलेलं नाही. पण नंतर फळ्यावरची सूचना दुरुस्त करायला तुमचा हात उचलेल का, ते तुमचं तुम्ही बघा."

काका बघत बसले. वाटलं, सभेत चालू केल्यावर, टीव्हीवर चित्र यायच्या आत, कोणाला न कळत एकदा चालवून घ्यावं, म्हणजे अकरा निघून जाईल. पण मग चार येणार, म्हणजे डॉक्टर. दोनदा चालवलं तर आठ. कितीही वेळा चालवा, कोणाला खोली द्यायची ते आता काकाच ठरवणार होते. ज्याला पुढचं माहीत आहे त्याच्या हातात चिठ्ठी ही चिठ्ठी राहतच नाही. अज्ञान हीसुद्धा एक सोय असते, आणि ती त्यांनी दुपारच्या तालमीत घालवून टाकली होती. उरला एकच मार्ग, तो म्हणजे बोलणं. नेमका तोच त्यांना जमत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्ही खाली नेला. तिघांनी धरला आणि सात जणांनी कसा धरावा ते सांगितलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याचं चॅनेल फिरवायचं बटण निखळून जिन्यावरून टप्पे खात गेलं आणि कुठेतरी गडप झालं. मग पक्कड आली. विजेची वायर सेक्रेटरींच्या घरातून ओढायची होती. "वीज माझ्या मीटरची जाईल, याची नोंद व्हावी," असं म्हणून त्यांनी ती नोंद स्वतःच केली. पक्कडीने चॅनेल फिरवताना पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या, तेव्हा बारा नंबरवाले हळूच म्हणाले, "सुरू झालं वाटतं. किती बारीक आकडे आहेत."

अखेर 'रेडी' आलं. काकांनी चार ओळी टाकल्या. ऑडिटरसाहेब हातातल्या प्रतीशी अक्षरन् अक्षर ताडून पाहत होते. ते म्हणाले, "बरोबर आहे. चालवा."

"थांबा," काका म्हणाले.

आवाज चिरकला होता, पण निघाला होता. "हे यंत्र चालू केल्यावर पहिला आकडा नेहमी एकच काढतं. अकरा. माझा नंबर."

मग त्यांनी करून दाखवलं. अकरा. बंद, चालू, पुन्हा चार ओळी. अकरा. मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"काल दुपारपासून."

"मग कालच का नाही सांगितलंत?"

"धीर गोळा करत होतो."

"आणि सांगितलंच नसतंत तर?" डॉक्टर म्हणाले.

"तर खोली मला मिळाली असती, आणि तुम्हाला कधीच कळलं नसतं."

खरं बोलणाऱ्याची ही एक मोठीच पंचाईत असते, समोरच्याला तो रागवायलाही नीट जागा ठेवत नाही. काका खाली बघत पुढे म्हणाले, "एक ओळ घातली तर दुरुस्त होईल. कोणी बटण दाबेपर्यंत यंत्राने आकडे काढून फेकत राहायचं. एका सेकंदात कितीतरी फेकतं. बटण केव्हा दाबलं जाईल ते कोणालाच आधी सांगता येणार नाही, मलाही नाही. फक्त ती ओळ दहा आणि वीसच्या मधे घालावी लागेल."

ऑडिटरसाहेब उभे राहिले. "म्हणजे पंधरावी."

"पंधरावी."

"मी म्हणालो होतो," ते सभेकडे वळून म्हणाले, "मधे काहीतरी आहे."

सेक्रेटरींचं म्हणणं, मंजूर प्रोग्रॅममध्ये बदल म्हणजे नव्याने तीन प्रती, नव्याने हरकती. पण टीव्ही पुन्हा वर न्यायचा या विचाराने सगळ्यांचे हात एकदम वर झाले आणि दुरुस्ती जागच्या जागी मंजूर झाली. ऑडिटरसाहेबांनी पंधरावी ओळ तीनदा वाचून घेतली, अर्थ विचारला आणि मान हलवली.

बटण कोणी दाबायचं? डॉक्टरांनीच ऑडिटरसाहेबांच्या सासूबाईंचं नाव सुचवलं. इमारतीत वयाने सर्वांत मोठ्या, पडद्यावरचं काही दिसत नाही, त्यामुळे संशयाला जागा नाही. आजींना खुर्ची दिली आणि त्यांचं बोट बटणावर नेऊन ठेवलं.

"केव्हा दाबू?" आजी म्हणाल्या.

"केव्हाही, आजी," काका त्यांच्या कानाशी म्हणाले.

"केव्हाही म्हणजे केव्हा?"

"तुमच्या मनात येईल तेव्हा."

"माझ्या मनात काही येत नाही रे आता," आजी म्हणाल्या. "तूच सांग."

"मी सांगितलं तर चालणार नाही."

"का? तू काही वाईट सांगणार आहेस का?"

आकडे आत फिरत होते. आजी बोट ठेवून निवांत बसल्या. जरा वेळाने त्यांनी विचारलं, चहा आहे का? लेकीने "आहे" म्हटलं. "मग मी उठते," म्हणून उठताना त्यांनी आधारासाठी हात टेकला, आणि पडद्यावर आकडा उमटला.

तीन.

तीन म्हणजे ऑडिटरसाहेबांचं घर.

मग नको तेच झालं. "वा," डॉक्टर म्हणाले. "अट यांची, ओळ यांनी तपासलेली, आणि बटण दाबलं यांच्या सासूबाईंनी." आजींचं नाव आपणच सुचवलं होतं हे ते केव्हाच विसरले होते. "हे म्हणजे चिकटलेली चिठ्ठी परवडली," असंही कोणी म्हणालं. ऑडिटरसाहेब हातातला कागद उलटसुलट करत उभे राहिले. जन्मभर दुसऱ्यांवर शेरे मारलेल्या माणसाला स्वतःवरचा शेरा कुठे ठेवावा ते कळेना.

काका ती अवस्था ओळखत होते. कमिटीच्या बैठकीत खुर्चीच्या काठावर ते नेमके तिच्यातच बसले होते.

"ते शक्य नाही," काका म्हणाले. या वेळी आवाज चिरकला नाही. "तुम्ही मला विचारा. लबाडी करायची तर ती फक्त मला करता आली असती, दुसऱ्या कोणाला नाही. आकडा सरळ आलेला आहे. त्यांच्यावर संशय घ्यायचा असेल तर आधी माझ्यावर घ्या."

असं म्हटल्यावर काकांवर संशय घ्यायचं मात्र कोणाला धाडस झालं नाही. सेक्रेटरींनी 'क्र. तीन' असं लिहून टाकलं. टीव्ही वर गेला, तेव्हा तो कसा धरावा हे सांगायला एकही माणूस उरलेला नव्हता. घरी बायको विश्वकोशाचे खंड मशीनवर परत ठेवू लागली. काका म्हणाले, "राहू दे. मी पलंगाखाली सरकवतो." "पलंगाखाली जागा कुठे आहे?" ती म्हणाली, आणि खंड जागेवर गेले. पण जोरात नाही.

पुढच्या आठवड्यात दाराशी ऑडिटरसाहेब. पहिल्यांदाच वर आले होते, जिना चढून धाप लागलेली. पाणी प्याले. इकडेतिकडे पाहिलं, मशीनवरच्या पुस्तकांकडेही पाहिलं.

"खोलीत एक खुर्ची ठेवली मी," ते म्हणाले. "त्यासाठीच हवी होती. निवृत्त झाल्यापासून घरात मी कुठेही बसलो की कोणाच्या तरी मधे येतो." मग कागदावरून वाचल्यासारखं, "तीन भिंती रिकाम्या आहेत. पुस्तकं ठेवायची असल्यास माझी हरकत नाही. आमचा एक जुना टीव्ही पडून आहे. ते यंत्रही आणलंत तर... ती भाषा मला शिकता येईल का?"

"शंभरएकच शब्द आहेत," काका म्हणाले.

"अहो, घेऊन जा ते यंत्र," आतून बायकोचा आवाज आला. "मला माझा टीव्ही परत मिळेल."

पुस्तकं खाली गेली. दुपारी पंपाच्या खोलीत दोघे बसत. खिडकीतून ये-जा करणारे पाय दिसत, आणि वरून कधी कधी शिलाई मशीनचा आवाज येई. बायकोने पहिलं काय शिवलं, तर पंपाच्या खोलीच्या खिडकीला पडदा. ऑडिटरसाहेबांनी तो मागेपुढे ओढून तपासला आणि शेरा न मारता लावला.

त्यांचा पहिला प्रोग्रॅम पाढ्यांचा होता. त्यांनी ओळींना आकडे दिले एक, दोन, तीन, चार, पाच. काकांनी पुस्तिकेकडे पाहिलं.

"गाळलेले आकडे मला चालत नाहीत," ऑडिटरसाहेब म्हणाले. "स्वच्छ काम. लपवायला जागा नको."

त्यांनी 'रन' केलं. यंत्राने कसलाच पाढा दिला नाही, कारण कितीचा पाढा हवा ते विचारायची ओळच राहिली होती. ती दोन आणि तीनच्या मधे हवी होती. ऑडिटरसाहेबांनी दोनकडे पाहिलं, तीनकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावून पाहिलं. दोन आणि तीन होते तिथेच, एकमेकांना चिकटून.

काका खिडकीतून जाणारे पाय बघत राहिले. मुद्रितातली चूक ज्याची त्याला आधी सापडू द्यावी, एवढं शहाणपण छापखान्याने त्यांना शिकवलं होतं.

बऱ्याच वेळाने ऑडिटरसाहेबांनी सगळं पुसून टाकलं. कोऱ्या पडद्यावर, एकेक बटण शोधत, त्यांनी दहाचा आकडा टाकला. मग मान न वळवता विचारलं, "नऊ ओळींची जागा पुरेल ना हो?"

"आपल्या वयाला पुरेल," पेन्सिलकाका म्हणाले.